फिजिक्सला फोडणी कशाला?

दहावीचा निकाल लागला की पनवेलच्या घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "गणित-फिजिक्सच्या भानगडीत पडू नकोस बाई, तुला बायोलॉजीच बरं." मुलाला हे सहसा कुणी सांगत नाही.

मुलींना फिजिक्सची गोडी कशी लावावी यावर परदेशातही वाद आहे. २०२२ साली इंग्लंडमध्ये एका मुख्याध्यापिकाबाईंनीच खासदारांपुढे सांगितलं, की अवघड गणित नको म्हणून मुली हा विषय घेत नाहीत. केवढं काहूर उठलं त्यावर! दुसरा पक्ष म्हणतो, उदाहरणं स्वयंपाकघरातली द्या, मुली रमतील.

कुकरचं उदाहरण छानच आहे. आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो, पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ झटपट शिजते. उलट आपल्या शेजारच्या माथेरानला, सुमारे ८०० मीटर उंचीवर, उघड्या पातेल्यातलं पाणी ९७ अंशांनाच उकळतं, डाळ रेंगाळते. पण हे फक्त मुलींसाठी का? वरण मुलगेही खातातच की!

खरी गोम निराळीच आहे. प्रयोगाच्या तासाला उपकरण एक आणि मुलं चार. मुलगे तारा जोडतात. मुलगी 'अक्षर चांगलं' म्हणून जर्नलमध्ये आकडे उतरवते. घरी फ्यूज गेला तरी हाक धाकट्या भावाला. हातच लागला नाही तर गोडी लागणार कुठून?

गोडीचं म्हणाल, तर ती कमला भागवत (पुढे सोहोनी) यांना कमी नव्हती. १९३३ साली पदार्थविज्ञान-रसायन घेऊन मुंबईची पदवी मिळवली, तरी बंगलोरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर आत शिरल्या आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली.

आपल्या शाळांच्या सहली अलिबागला जातात. किल्ला, समुद्र, भेळ. तिथल्या चुंबकीय वेधशाळेबद्दल मुलींना जरूर सांगा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ साली ती अलिबागला आली. विजेने चुंबकसुई कशी बिघडेल, असं लेकीने विचारलं तर घरीच दाखवा. होकायंत्र, टॉर्चचा एक सेल आणि हातभर तार पुरे. सुई जिकडे रोखलेली, त्याच दिशेत तार तिच्यावर धरा आणि टोकं सेलला क्षणभरच टेकवा (जास्त वेळ नको, तार तापते). सुई झटकन वळते.

सेल मात्र लेकीच्या हातात द्या. आकडे या खेपेला भाऊ लिहील.