उसाच्या शेतांवर उगवलेले जंगल

कॅरिबियन समुद्रातले पोर्तो रिको हे बेट जेमतेम ९,००० चौरस किलोमीटरचे, पण त्यावर किती तऱ्हेची जंगले आहेत! समुद्रावरून येणारे वारे ईशान्येच्या एल युंके डोंगरांवर रिते होतात. तिथल्या शिखरांवर वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या ग्वानिकाच्या वाट्याला साडेआठशेच्या आसपास येतो. एल युंकेत सुमारे ६०० मीटर उंचीपर्यंत ताबोनुकोचे उंच वर्षावन आहे. त्याच्या वर पालो कोलोरादोचे जुने, पोकळ बुंध्यांचे वृक्ष लागतात, तीव्र उतारांच्या ओल्या मातीत सिएरा ताड दाटतो, आणि माथ्यावर वाऱ्याने खुरटलेले, शेवाळाने लपेटलेले बुटके रान उरते. ग्वानिकात निवडुंग आणि बारीक पानांची काटक झाडे आहेत. किनाऱ्यालगत कांदळवन आहे, आणि त्याच्या मागच्या दलदलीत आपल्या बिबळा या झाडाचा भाऊबंद असलेला टेरोकार्पस वृक्ष वाढतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ लेस्ली होल्ड्रिज यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या, तापमान आणि पावसावर आधारलेल्या वर्गीकरणाने या बेटाचे सहा पट्टे पडतात. पण जंगल केवळ पावसाने ठरत नाही. पश्चिमेकडच्या मारिकाओत भरपूर पाऊस पडूनही सर्पेंटाइन खडकाच्या निकस मातीवरची झाडे कोरड्या मुलखातल्यासारखी जाड, राठ पानांची आहेत. उत्तरेकडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर पाणी टिकत नाही, म्हणून माथा कोरडा असतो आणि पायथ्याशी दाट ओली झाडी असते. पावसाइतकाच मातीचा अधिकार मान्य केला, तर माणसाच्या इतिहासाचाही मान्य करावा लागतो, आणि माझा मुद्दा तोच आहे.

ऊस, कॉफी आणि गुरचराई यांच्यासाठी झालेल्या तोडीमुळे १९४० च्या दशकाअखेर बेटावर सहा टक्क्यांच्या आसपासच जंगल उरले होते. पुढे कारखानदारी आली, लोक शहरांकडे आणि अमेरिकेत गेले, शेते ओस पडली. आज निम्म्याहून अधिक बेट पुन्हा झाडांखाली आहे. मात्र जे परतले ते पूर्वीचे जंगल नव्हे. त्यातला सर्वांत ठळक वृक्ष म्हणजे आफ्रिकेतून आणलेली पिचकारी, आपल्याकडे शहरांतल्या रस्त्यांकडेला शेंदरी फुलांनी ओळखू येते तीच. तिच्या सोबतीने स्थानिक झाडेही वाढतात. परिसंस्थांचे अभ्यासक एरिएल लुगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मिश्र रानांना नवा जंगलप्रकार मानले. त्यांचे म्हणणे मला पटते.

यावर आक्षेप असा की, परक्या झाडांची गर्दी ही जंगलाची विटंबना आहे. पण पिचकारीच्या रोपांना भरपूर ऊन लागते. स्वतःच्याच दाट सावलीत ती तग धरत नाहीत. वटवाघळे आणि पक्षी स्थानिक वृक्षांच्या बिया आणून टाकतात आणि त्याच सावलीत त्या झाडांची रोपे वर येतात. वाया गेलेली जमीन स्थानिक झाडांना पुन्हा मिळते ती या परक्या झाडाच्या आडोशाने.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नवे रान जुन्याची जागा घेऊ शकत नाही. १९७५ मध्ये निसर्गात केवळ १३ उरलेले पोर्तो रिकन पोपट एल युंकेत पालो कोलोरादोच्या ढोलीत घरटी करत. शतकानुशतके वाढलेल्या खोडाची ढोली पन्नास वर्षांच्या रानात मिळणार नाही. म्हणून जुन्या जंगलाची भरपाई नव्याने होते असे कुणी म्हणू नये. जुने राखायलाच हवे. पण त्यासाठी नवे मुळासकट काढण्याचा आग्रह उलटा पडेल: पिचकारी तोडली तर बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, आणि मोकळ्या झालेल्या उन्हात सर्वांत आधी रुजते तीही पिचकारीच.