मनाचे गणित (लेखांक सहावा) : न वाजलेला स्वर

मागील लेखांकात आपण पाहिले की, हजारो रुग्णांची दफ्तरे यंत्राच्या स्वाधीन करून कोणाला कोणते औषध मानवेल याचे भाकीत करविण्याच्या खटाटोपाला कोठे ठेच लागते. २०२४ च्या आरंभी अ‍ॅडम चेक्राउड आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात छिन्नमनस्कतेवरील औषधांच्या अनेक चाचण्यांचे आकडे मांडून दाखविले की, ज्या चाचणीच्या नोंदींवर यंत्राला शिकविले तिच्यातील रुग्णांविषयी त्याचे भाकीत चांगले उतरत असले, तरी तेच यंत्र दुसऱ्या चाचणीतील रुग्णांपुढे उभे करताच त्याचा निवाडा नाणे उडवून केलेल्या निवाड्याहून सरस राहत नाही. रोग माणसाच्या आत कसा चालतो याविषयी ते यंत्र मुळी काही धरूनच चाललेले नसते. नोंदींतील साम्ये तेवढी ते टिपते, आणि नोंदी परक्या झाल्या की ती साम्येही त्याला दगा देतात. माझ्या मते अधिक आशेची वाट दुसरीच आहे. ती म्हणजे, आजाराचे भाकीत करण्याआधी मनाच्या एखाद्या लहानशा व्यापाराचे गणित मांडून त्यातील कोणती राशी ढळली आहे हे शोधणे.

असा एक व्यापार म्हणजे ऐकणे. मुलगा रात्री उशिरा परतायचा असला की आईला दाराची कडी वाजल्याचा भास होतो. ती उठून दार उघडते, बाहेर कोणी नसते, आणि ती पुन्हा येऊन पडते. तिच्या कानांत दोष नसतो, बुद्धीतही नसतो. कानाकडून येणारी जबानी बहुधा त्रोटक आणि गोंगाटाने डागाळलेली असल्यामुळे मेंदू तिच्या जोडीला पूर्वानुभवाचे दफ्तर उघडतो, दोन्ही पुराव्यांना वजने देतो आणि मगच ‘आवाज झाला’ किंवा ‘झाला नाही’ असा हुकूम सोडतो. उदाहरणादाखल, अपेक्षा म्हणते की आवाज होण्याचा संभव शंभरात ८० आहे आणि कान म्हणतो २०. दोघांना सारखे वजन दिले तर निर्णय ५० वर येतो, पण अपेक्षेला कानाच्या तिप्पट वजन दिले तर तोच ६५ वर जातो, आणि न वाजलेली कडी वाजल्याचे ऐकू येते.

हे वजन खरोखर मोजता येते काय? अमेरिकेतील येल विद्यापीठात अल्बर्ट पॉवर्स आणि फिलिप कॉर्लेट यांनी क्रिस्टोफ मॅथिस यांच्या साहाय्याने त्यासाठी एक प्रयोग रचला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी एक आकृती चमके आणि तिच्या जोडीने गोंगाटात मिसळलेला एक स्वर वाजे. स्वर ऐकू आला की बटण दाबायचे, आणि खात्री जितकी पक्की तितका वेळ ते दाबून धरायचे. प्रथम आकृती व स्वर यांची सांगड घातली जाई. मग, काही न सांगता, स्वर अधिकाधिक क्षीण करीत नेला जाई आणि पुष्कळदा तो मुळीच वाजविला जात नसे. प्रयोगाला चार प्रकारची माणसे बसली होती : मनोविकार असून आवाज ऐकणारी, मनोविकार असून आवाज न ऐकणारी, आपल्याला अतींद्रिय श्रवण आहे असे मानणारी व आवाज नित्य ऐकणारी परंतु मनोविकार नसलेली, आणि यांपैकी काहीच नसलेली.

या तिसऱ्या गटामुळे प्रयोगाला खरे मोल आले, असे मला वाटते. न वाजलेला स्वर आवाज ऐकणाऱ्या दोन्ही गटांना, मग ते रुग्ण असोत वा नसोत, इतरांहून कितीतरी अधिक वेळा आणि अधिक खात्रीने ऐकू आला. शेकडो बटणदाबींवरून उलटा हिशेब करीत गेल्यावर त्यांच्या बाबतीत अपेक्षेचे वजन वाढलेले आढळले. रुग्णांना मात्र, त्यांना आवाज ऐकू येत असोत वा नसोत, आणखी एक अडचण होती : आकृती आणि स्वर यांची सांगड सुटत चालली आहे, ही बदललेली परिस्थिती मनावर घेऊन जुना समज दुरुस्त करणे त्यांना जड जात होते. न झालेल्या आवाजाचे ऐकू येणे आणि समजाचे अढळ होऊन बसणे, या दोन वेगळ्या राशी ठरल्या.

आपल्या भाषेने ‘भास’ आणि ‘भ्रम’ हे शब्द निराळे ठेवले आहेत : भास इंद्रियांना होतो, भ्रम बुद्धीला. दाराशी जाऊन पाहणाऱ्या त्या आईला भास झाला होता, आणि रिकामा उंबरठा पाहून तो फिटलाही. तिचे ऐकणे आणि रात्रंदिवस आवाजांनी पिडलेल्या रुग्णाचे ऐकणे एकाच गणिताने चालते, हे ज्या घरात असा माणूस आहे त्या घराने अवश्य ऐकावे. कारण ‘तुला काही ऐकू येत नाही, तू ढोंग करतोस’ या आरोपाने त्या माणसाचे किती हाल होतात याला सीमा नाही. प्रत्यक्ष स्वर ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतील काही भाग न वाजलेला स्वर ऐकतानाही जागे झाल्याचे याच प्रयोगातील प्रतिमांत दिसले. त्याला खरोखरच ऐकू येत असते.

२०२२ मध्ये याच संशोधकांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखविली. ज्या रुग्णांना अलीकडे वारंवार आवाज ऐकू येत होते त्यांच्यात अपेक्षेचे हे वजन अधिक भरले. म्हणजे ती राशी माणसाच्या स्वभावाला कायमची चिकटलेली नसून आजाराच्या चढउताराशी तिचा संबंध आहे. आज वैद्याला बहुतांशी रुग्णाच्या आणि आप्तांच्या कैफियतीवर भिस्त ठेवून आजार वाढला की ओसरला हे ठरवावे लागते. त्या कैफियतीच्या जोडीला असे एखादे माप हाती येणे मला फार मोलाचे वाटते. मात्र ते मोजक्या माणसांवर, प्रयोगशाळेच्या शांततेत घेतलेले माप आहे, आणि आपण गेल्या आठवड्यात जी ठेच पाहिली तिच्याच कसोटीला, म्हणजे परक्या ठिकाणच्या परक्या रुग्णांपुढे, त्यालाही उतरावे लागेल.

अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावत मेंदूत कोणते द्रव्य वाहून नेते, आणि वोल्फ्राम शुल्ट्झ यांना फळांच्या रसाची वाट पाहणाऱ्या माकडांमध्ये तिचा माग कसा लागला, ते पुढील लेखांकी.