चाकांवरचे घर आणि आरसी बुकातली गाडी

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंचीवर वसलेल्या चंडीगडचे भौगोलिक स्थान असे आहे, की मे महिन्यात चाळीस अंशांच्या पलीकडे तापणाऱ्या या शहरातून निघालेली गाडी सुमारे ३०० किलोमीटरवरील मनाली ओलांडून, ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडच्या लाहौलमध्ये उतरते आणि तेथून पुढे बारालाचा खिंडीची ४,८०० मीटरहून अधिक उंची गाठू शकते. ज्यांचे सारे काम लॅपटॉप व इंटरनेट यांवर चालते, अशा माणसांना या वाटेवर मुक्काम आणि काम दोन्ही एकाच गाडीत करावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि प्रशस्त अंतर्भागामुळे त्यांची नजर बहुधा परदेशी बनावटीच्या व्हॅनवर जाते. अशी व्हॅन मुक्कामासाठी सजवणे हे केवळ सुतारकाम नाही. त्यात मोटार वाहन कायदा, वीज आणि हवामान या तिन्हींचा विचार एकत्र करावा लागतो, आणि हा विचार गाडी विकत घेण्यापूर्वी झाला तरच त्याचा उपयोग होतो.

परदेशी व्हॅन भारतात मुख्यतः तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग निर्मात्या कंपनीचा: मर्सिडीझ-बेंझची व्ही-क्लास किंवा टोयोटाची वेलफायर या गाड्या पूर्ण बांधलेल्या अवस्थेत आणल्या गेल्या, आणि व्ही-क्लासचे मुक्कामाच्या सोयींसह बनवलेले मार्को पोलो हे रूप फेब्रुवारी २०२० मधील ऑटो एक्स्पोमध्ये १ कोटी ४६ लाख रुपयांपर्यंतच्या किमतीला सादर झाले. दुसरा मार्ग वापरलेल्या गाडीचा असून तो फार अरुंद आहे, कारण अशी गाडी निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे सुकाणू उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी अशा अटी आहेत. ब्रिटन किंवा न्यूझीलंडमध्ये वीस वर्षांची जपानी व्हॅन स्वस्तात आणून तिचे घर करण्याची जी रीत आहे, ती या अटींमुळे भारतात रुजू शकत नाही. तिसरा मार्ग ‘कारनेट’चा, म्हणजे गाडी ठरावीक मुदतीत देशाबाहेर परत नेण्याची हमी देणाऱ्या सीमाशुल्क-दस्तऐवजाचा; या मार्गाने आलेली पर्यटकाची गाडी भारतात कायमची ठेवता येत नाही.

गाडी हाती आल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो तिच्या नोंदणीचा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजेच लोक ज्याला आरसी बुक म्हणतात त्यातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. छत कापून उचलते छप्पर बसवणे, मधली आसने कायमची काढून टाकून तेथे ओटा बांधणे किंवा चासीच्या, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याच्या लांबीत फेरफार करणे या गोष्टी त्यामुळे केवळ मिस्त्रीच्या कौशल्यावर सोडता येत नाहीत. चंडीगडमधील मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये त्या सहज करून मिळतीलही. परंतु सेक्टर १७ मधील नोंदणी कार्यालयात गाडी तपासणीसाठी उभी राहते तेव्हा, किंवा अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक आसने मोजतो तेव्हा, खरी अडचण समोर येते.

यातून कायदेशीर वाट नाही असे मात्र नाही. ‘मोटर कॅराव्हॅन’ हा वाहनांचा स्वतंत्र, मान्यताप्राप्त प्रकार असून त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. अशी मानके प्रसिद्ध करणारी संस्था, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही पुण्याची आहे. या प्रकारच्या गाडीत आसने व टेबल, झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्याची सोय असावी लागते, आणि टेबल सहज काढता येण्याजोगे असले तरी उरलेल्या गोष्टी राहण्याच्या भागात पक्क्या बसवलेल्या असाव्या लागतात. म्हणजे मालकापुढे दोनच प्रामाणिक पर्याय उरतात: गाडीची बांधणी मान्यताप्राप्त निर्मात्याकडून करून घेऊन तिची नोंद त्या प्रकारात करणे, किंवा मूळ गाडीला भोकही न पाडता सारी व्यवस्था सुट्या, पट्ट्यांनी आवळता येणाऱ्या पेट्यांमध्ये करणे. महागड्या आयात गाडीसाठी दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा ठरतो, कारण गाडीची वॉरंटी आणि पुनर्विक्रीची किंमत दोन्ही तिच्या मूळ अवस्थेवर अवलंबून असतात.

पहिला पर्याय ज्यांना हवा आहे त्यांनी आयात गाडीचा आग्रह सोडून पुण्याच्या गाडीकडे पाहावे, असे सुचवण्यास सबळ कारण आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालेल्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेली टेम्पो ट्रॅव्हलर ही मर्सिडीझच्या टी-१ व्हॅनच्या आराखड्यावर बेतलेली होती. त्याआधीची मॅटाडोरही जर्मन टेम्पो गाडीवरूनच घडली होती. आराखडा परदेशी, पण चार दशके इथल्या रस्त्यांवर घासूनपुसून पक्का झालेला, अशी ही गाडी आहे, आणि तिचा क्लच किंवा ब्रेकचा सुटा भाग मंडी अथवा कुल्लूसारख्या ठिकाणी मिळण्याची शक्यता व्ही-क्लासच्या भागापेक्षा कितीतरी अधिक असते. चंडीगडस्थित जेसीबीएल आणि पुण्याची पिनॅकल या गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या कंपन्या अशा मोटर कॅराव्हॅन बनवतातही.

गाडी कोणतीही असो, तिच्यात बसून काम करायचे तर सर्वाधिक विचार विजेचा करावा लागतो, आणि तो हिशेबाने करावा लागतो. ६० वॅटचा लॅपटॉप आठ तास चालला तर ४८० वॅट-तास खर्च होतात. त्यात जोड-पडद्याचे २००, राउटरचे १००, दिवे व पंख्याचे १५० आणि लहान कॉम्प्रेसर फ्रिजचे सुमारे ४०० मिळवले की बेरीज १,३३० होते, जी रूपांतरातील गळती धरून दीड हजाराच्या घरात जाते. १२.८ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॅट-तास साठवते, म्हणून अशा दोन बॅटऱ्या लागतात. घरगुती इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असली तरी ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते, शिवाय तिचे वजन कितीतरी पट असते, आणि घाटात प्रत्येक किलोचा भार ब्रेकवर पडतो. एअर कंडिशनर या हिशेबात बसतच नाही: लहानात लहान यंत्र रात्रभर चालवण्यासाठी सुमारे सहा हजार वॅट-तास, म्हणजे जवळजवळ पाच बॅटऱ्या लागतील. जूनमधल्या चंडीगडच्या उकाड्यावर बॅटरीने मात करण्यापेक्षा कसौलीच्या उंचीवर मुक्काम हलवणे अधिक व्यवहार्य आहे.

बॅटरी भरण्याचे काम दोन वाटांनी होते. छतावरचा २०० वॅटचा सौर पट्टा स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ७०० वॅट-तास देतो, पण पंजाबच्या मैदानावर डिसेंबर-जानेवारीत दाट धुके उतरते तेव्हा तो जवळजवळ निरुपयोगी होतो. खरा आधार आहे तो चालत्या इंजिनाचा. तथापि आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे वीजनिर्मितीयंत्र, थेट लिथियम बॅटरीला जोडले तर ती इतका प्रवाह ओढते, की आल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून दोहोंमध्ये प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. ३० अँपिअरचा असा चार्जर चार तासांच्या प्रवासात सुमारे १,६०० वॅट-तास भरतो, म्हणजे कामाच्या एका पूर्ण दिवसाची बेगमी होते. वेलफायरसारख्या हायब्रीड गाडीत नेहमीचा आल्टरनेटर नसतोच. तिची १२ व्होल्टची बॅटरी उच्च दाबाच्या बॅटरीवरून भरली जाते, त्यामुळे नारिंगी आवरणाच्या तारांना हात न लावणे आणि त्या व्यवस्थेवर किती भार चालेल हे कंपनीकडून आधी जाणून घेणे अत्यावश्यक असते.

सर्वात धोकादायक चूक तारेच्या जाडीची होते. घरात २३० व्होल्टवर १,००० वॅटसाठी पाच अँपिअरही लागत नाहीत, परंतु १२ व्होल्टवर तेवढ्याच शक्तीसाठी ऐंशीहून अधिक अँपिअर वाहतात आणि घरगुती वायरिंगची तार अशा प्रवाहाने वितळून पेट घेऊ शकते. जाड तांब्याची केबल आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच बसवलेला फ्यूज या दोन गोष्टींवर काटकसर करू नये. उंच प्रदेशात आणखी एक मर्यादा आडवी येते: शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी भरू लागल्यास तिच्या आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडते, म्हणून बॅटरीची जागा गाडीच्या उबदार भागात, आसनाखाली असावी.

थंडी अडवण्यासाठी पत्र्याच्या आतून बंद छिद्रांचा फोम चिकटवतात, कारण झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प गार पत्र्यावर दवासारखे जमते आणि फळ्यांमागे गंज धरते. हवा खेळती ठेवणारी छतावरची झडप रात्रीही उघडी हवी. बंद गाडीत शेगडी किंवा कोळशाची अंगीठी पेटवून झोपणे हे उत्तरेच्या हिवाळ्यातील मृत्यूंचे परिचित कारण आहे. ज्वलन अपूर्ण राहिल्याने निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याची सूचना देणारे उपकरण गाडीत झोपेच्या उंचीवर असलेच पाहिजे.

कामाच्या जागेबाबत एवढे पाहावे, की टेबल कोपराच्या उंचीवर यावे, मागे पाठीला आधार असावा आणि धावत्या गाडीत पट्टा असलेल्या मूळ आसनाखेरीज कोठेही कोणी बसू नये. इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेणारा राउटर व छतावरची अँटेना शिवालिकच्या वळणांपर्यंत साथ देते, परंतु पुढच्या दऱ्यांत संपर्क तुटक होतो आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम चालत नाही, तेथे पोस्टपेडच लागते. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह-फोन बाळगणे भारतात गुन्हा असल्याने परदेशातून आणलेल्या गाडीत असे उपकरण आधीपासून बसवलेले असेल, तर ते परवानगी मिळेपर्यंत चालू करू नये आणि सीमाशुल्क विभागापासून लपवूही नये.