फुक्सचा तोरा, नकलेच्या दरात
पोर्शे ९११ एसवर १९६६ साली आलेलं पाच पाकळ्यांचं ‘फुक्स’ चाक घडीव अ‍ॅल्युमिनियमचं; स्वस्तातली नक्कल बहुधा ओतीव, त्यामुळे वजनाला जड. पण नक्कल उघडी पडते ती अति चकाकीने. अस्सल चाकावर अ‍ॅनोडायझिंगची मंद, रेशमी झाक असते.

म्हणून आधी पेंट रिमूव्हरने लॅकर उतरवायचं, मग ४००, ८००, १२०० नंबरचा वॉटर पेपर फिरवायचा. उंच भाग मास्किंग टेपने झाकून खोलगट भागावर सॅटिन काळा रंग. आरशासारखं पॉलिश करायचा मोह आवरा! नट बसतात तिथे आणि हबला टेकणाऱ्या पाठीवर मात्र रंगाचा थेंबही नको. तो थर दबला की नट सैल पडतात.