चाकू लागला म्हणून पसरलं?

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्यांत, कॅन्सरचं नाव सहसा कोणी घेत नाही. 'त्याले टाटाले नेलं' म्हटलं की ऐकणारा समजतो. ऑपरेशन होऊन माणूस घरी येतो, काही महिन्यांनी गाठ पुन्हा दिसते, आणि ओट्यावर निकाल लागतो : 'चाकू लागला अन् पसरलं.'

दोष बहुधा चाकूचा नसतो, कडेला उरलेल्या पेशींचा असतो. गाठीची हद्द शेताच्या धुऱ्यासारखी आखलेली नसते. सर्जन डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून कापतो. कडा साफ होत्या की नाही याचा अंतिम अहवाल काही दिवसांनी हाती येतो. तपासणीसाठी तोंडातला तुकडा काढल्यानेही आजार पसरत नाही. उलट त्या भीतीने लोक उशीर करतात, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या या मुलखात तो उशीर फार महाग पडतो.

उरलेल्या पेशी ऑपरेशन चालू असतानाच दिसाव्यात म्हणून एक चलाख रंग निघाला आहे. शिरेतून देताना तो विझलेला असतो, कारण चमकणाऱ्या रेणूला प्रकाश गिळणारा दुसरा रेणू बांधलेला असतो. गाठीच्या आसपास कॅथेप्सिनसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइम जास्त असतात. ती मधला दुवा कापतात आणि रंग मोकळा होतो. काजवाही एन्झाइमनेच उजळतो, पण तो स्वतःचा प्रकाश तयार करतो. या रंगावर मात्र बाहेरून ठरावीक प्रकाश टाकावा लागतो. अमेरिकेत एप्रिल 2024मध्ये मंजूर झालेलं पेगुलिसियानिन स्तनाच्या कॅन्सरसाठी असंच वापरतात. एका चाचणीत हे वापरून तपासलेल्या 357 जणींपैकी 27 जणींच्या शरीरात नेहमीचं ऑपरेशन उरकल्यावरही राहिलेला कॅन्सर त्याच्या मदतीने सापडला आणि काढता आला.

म्हणून चमकलं ते सगळं कॅन्सर, असंही नाही. सुजेतही हीच एन्झाइम वाढतात. चमक न दिसणं म्हणजेही खात्री नव्हे. पॅथॉलॉजिस्टची सुट्टी झालेली नाही. शिवाय थोड्या पेशंटना या औषधाची गंभीर ॲलर्जी होते.

प्रकाशाने पेशी दाखवता येतात, तशा मारताही येतात. पण प्रकाशाने उपचार म्हणजे रेडिएशनचा 'शेक', हा आणखी एक घोळ. इथे प्रकाश साधा, बहुतेक वेळा लाल. त्याने आधी दिलेलं औषध जागं होतं, पेशीतल्या ऑक्सिजनला उग्र रूप देतं आणि पेशी मरते. लाल प्रकाश शरीरात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर शिरतो. त्यामुळे त्वचा, तोंड, अन्ननलिका अशा पोहोचता येणाऱ्या जागीच तो कामाचा. शरीरभर पसरलेल्या आजारावर नाही.

आणि 'याचा त्रास काहीच नाही' हेही खरं नाही. पोर्फिमर हे यातलं जुनं औषध घेतल्यावर निदान 30 दिवस उन्हापासून जपावं लागतं, कारण ते निरोगी कातडीतही उरतं. अकोल्याच्या मे महिन्यात हे पाळून दाखवा! गाठीतल्या एन्झाइमनेच जागं होईल आणि इतरत्र झोपून राहील असं औषध बनवण्याची धडपड आहे ती यासाठीच. त्यातलं बरंचसं काम अजून उंदरांवर चाललं आहे.