दहा मिनिटांची शिकार

सकाळची लोकल, रात्रीची लोकल आणि मधले बारा-तेरा तास फ्लॅटमध्ये एकटा कुत्रा! फ्लर्ट पोल नावाची साधीशी काठी या गणितात बरंच काही करू शकते. फक्त ती फिरवायची कशी आणि थांबवायची कधी, हे माहीत हवं.

आधीच सांगून टाकते, नाव ऐकून भलता गैरसमज नको. फ्लर्ट पोलचा कॉलेजच्या कट्ट्याशी काहीही संबंध नाही. इंग्रजीत 'फ्लर्ट'चा एक जुना अर्थ आहे झटका देऊन हलवणं, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं. एक काठी, काठीच्या टोकाला दोरी, दोरीच्या टोकाला मऊ खेळणं. तुम्ही काठी फिरवायची, खेळणं जमिनीवरून सुसाट पळणार आणि त्याच्यामागे तुमचा कुत्रा. लहानपणी मांजरीसमोर दोऱ्याला कागदाचा बोळा बांधून ओढायचो ना? फंडा तोच, फक्त साइझ मोठी.

मी डोंबिवलीत एमआयडीसीच्या निवासी भागात राहते. ऑफिस लोअर परळला. साडेसातला घर सोडलं की परत यायला साडेआठ. नवऱ्याचंही तेच. घरी गुंड्या, वय तीन वर्षं, वजन अठरा किलो, जात अस्सल देशी. दुपारी कामाच्या मावशी त्याला एकदा खाली नेऊन आणतात. बाकी वेळ तो आणि गॅलरीतले कबुतर.

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात ही घरोघरची स्टोरी आहे. पिल्लू येतं, पहिले सहा महिने सॉलिड मजा, मोबाइलमध्ये पाचशे फोटो. मग पिल्लू मोठं होतं. सोफ्याचा कोपरा जातो, चार्जरची वायर जाते. शेजारच्या काकू लिफ्टमध्ये गाठून म्हणतात, ''अगं, तुमचा तो दिवसभर रडतो गं!'' विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोचतो. आणि एक दिवस ते वाक्य येतं, ''मुरबाडला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिथे मोकळा राहील बिचारा.'' आमच्या बिल्डिंगमधला एक बीगल असाच गेला. वाईट नव्हता हो तो. त्याच्या अंगातल्या रगीला वाट नव्हती, इतकंच.

पाठलाग रक्तातच असतो

कुत्र्यांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी शिकारीची एक साखळी मांडली आहे. हेरायचं, टक लावायची, दबा धरायचा, पाठलाग करायचा, पकडायचं आणि शेवटी मारून फाडायचं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत या कड्या कमी-जास्त केल्या. बॉर्डर कॉलीत टक आणि दबा ठासून भरलाय. लॅब्रॅडॉरला पकडून आणण्यात आनंद. आपला कारवान हाउंड तर दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठीच घडला. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने त्याला आश्रय दिला, म्हणून तो मुधोळ हाउंड. २००५ मध्ये पोस्टाने त्याचं तिकीटही काढलं. तोच कुत्रा आज घोडबंदर रोडच्या एखाद्या बाविसाव्या मजल्यावर टाइल्स मोजत बसला, तर तो करणार काय?

पट्टा लावून वीस मिनिटं चक्कर मारली की हुंगणं होतं, शी-शू होते. ती चक्कर हवीच. पण धावणं, झेपावणं, पकडणं त्यात येत नाही. १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला ओवेन पॅट्रिक स्मिथ याने यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याचा ट्रॅक सुरू केला. पुढे पैजांच्या नादात त्या खेळाची बदनामी झाली, पण एक गोष्ट सगळ्यांना दिसली. ससा खोटा असला तरी धाव खरी असते. फ्लर्ट पोल म्हणजे तोच खोटा ससा, तुमच्या हातातला.

खरी गंमत थांबण्यात

आता महत्त्वाचं. काठी हातात आली की बहुतेकांना वाटतं, अर्धा तास पळवू, पार दमवू, मग हा गप झोपेल. पहिला आठवडा झोपतोही. पण रोज अर्धा तास पळणाऱ्या कुत्र्याचा स्टॅमिना वाढतो. महिन्याभराने त्याला पाऊण तास लागतो. शिवाय डोकं इतकं तापलेलं असतं, की घरी आल्यावरही तो उड्याच मारत राहतो. म्हणजे आपणच फुकटात एक अ‍ॅथलीट तयार केला!

या खेळाचं खरं काम आहे ऐन जोशात ब्रेक मारायला शिकवणं. त्यासाठी तीन शब्द पुरतात: थांब, घे, सोड. खेळणं जमिनीवर स्थिर ठेवायचं. कुत्र्याने आधीच झडप घातली तर ते पायाशी ओढून घ्यायचं, खेळ बंद. तो थांबला, तुमच्याकडे बघितलं, की लगेच ''घे!'' आणि काठी फिरवायची. पकडल्यावर दोन क्षण मनसोक्त ओढू द्यायचं. मग दोरी सैल सोडून हात स्थिर. खेळणं 'मेलं' की त्यातली मजा जाते. ''सोड'' म्हणायचं, सुरुवातीला नाकासमोर बिस्किट धरायचं. तोंडातून सुटलं की पुन्हा ''घे!'' सोडल्यामुळे खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, हे कुत्र्याला फार पटकन कळतं.

आणि हो, त्याला जिंकू द्यायचं. 'कुत्रा ओढाओढीत जिंकला की डोक्यावर बसतो' हा जुना समज. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या ब्रिटिश संशोधकांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरवर हे तपासलं आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. कुत्रे जिंकले काय, हरले काय, माणसावर दादागिरी करायला लागले नाहीत. उलट सतत हरणारा कुत्रा वैतागतो. म्हणून तीन-चार पाठलागांमागे एकदा तरी शिकार त्याच्या दाताखाली आली पाहिजे. लेझरच्या लाल ठिपक्यामागे कुत्र्याला पळवू नका म्हणतात ते यासाठीच. त्यात हाती कधी काही लागतच नाही.

काठी बनवा घरीच

पेट-शॉपमध्ये तयार पोल मिळतो, पण इलेक्ट्रिकच्या दुकानातला वायरिंगचा पीव्हीसी पाइप झकास चालतो. मोठ्या कुत्र्याला मीटर-सव्वा मीटर, छोट्याला दोन-अडीच फूट. पाइपमधून जाड, मऊ दोरी ओवायची, मुठीच्या बाजूला भक्कम गाठ. बाहेर दोरी साधारण पाइपच्याच लांबीची. टोकाला जुन्या टॉवेलची वेणी. पाइपची कापलेली कड घासून त्यावर टेप गुंडाळा. इलॅस्टिकची दोरी टाळा, सुटली तर सरळ तोंडावर येते. टणक रबर किंवा लाकूडही नको, दात तुटतात. आणि खेळ झाला की काठी कपाटात. एकटा कुत्रा दोरी चावून गिळू शकतो आणि मग ती आतड्यात अडकली की थेट ऑपरेशन.

दहा मिनिटांचं टाइमटेबल

आधी पाच मिनिटं चालणं, स्नायू गरम होऊ देत. मग वीस-तीस सेकंदांचा पाठलाग, पकड, ''सोड'' आणि तेवढीच किंवा जास्त विश्रांती. असे पाच-सहा राउंड. नवशिक्याला पहिले काही दिवस तीनच. शेवटी पुन्हा चालणं, घोट घोट पाणी. आठवड्यातून तीन-चार दिवस भरपूर झालं, रोज हवंच असं नाही.

खेळणं कायम जमिनीलगत. हवेत नाचवून उड्या मारायला लावलं की फोटो भारी येतो, पण मागच्या दोन पायांवर वेडंवाकडं उतरताना गुडघ्याचा लिगामेंट जातो. लॅब आणि रॉटवायलर यात आघाडीवर. गोल फिरवताना मोठा घेर घ्या, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून. झटक्यात दिशा बदलायची नाही. जेवण आणि खेळ यात दोन तासांचं अंतर हवंच. जर्मन शेफर्ड, डोबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात गॅस भरून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्यात तासांच्या हिशेबाने जीव जातो.

घामाची भानगड

आपण घामाने निथळतो, कुत्रा निथळत नाही. त्याचा घाम पंजांपुरता. बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, आणि हवा दमट असली की धापांनी थंडावा मिळत नाही. म्हणजे आपल्या खाडीकाठची हवा त्याची शत्रूच. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांच्या नोंदी तपासणाऱ्या २०२० च्या अभ्यासात उष्माघाताच्या सुमारे ७४ टक्के केसेस व्यायामामुळे झालेल्या निघाल्या. बंद गाडीत कोंडल्यामुळे झालेल्या सुमारे ५ टक्के. आणि हे थंडगार ब्रिटनमध्ये, बॉस!

म्हणून मार्च ते जून आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या आत, नाहीतर रात्री नऊनंतर. पाच सेकंद तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. जीभ रुंद, लांब लोंबायला लागली, पाठलाग मंदावला, तो सावलीकडे ओढू लागला, की खेळ संपला. 'अजून एक राउंड' अजिबात नाही. खेळाच्या नशेत कुत्रा स्वतःहून थांबत नाही, थांबवायचं आपणच. लडखडला, उलटी झाली, हिरड्या लालभडक दिसल्या तर आधी नळाचं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मग व्हेटकडे पळा. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचर १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं की मामला गंभीर.

कुणाला नको?

पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकवाल्यांना हा खेळ जवळजवळ नकोच. त्यांना श्वासाचीच मारामार. एक वर्षाच्या आतल्या पिल्लांची हाडं वाढत असतात, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत. तोवर सावकाश, मिनिटभर, तेही सरळ रेषेत. हिप डिस्प्लेजिया, संधिवात, हृदयाचा त्रास, जास्त वजन असेल तर आधी व्हेटला विचारा. गोचीड-तापातून उठलेल्या कुत्र्याचं रक्त कमी झालेलं असतं, त्यालाही डॉक्टर हो म्हणेपर्यंत सुट्टी.

जागा कुठाय?

हा आपला राष्ट्रीय प्रश्न. डोंबिवलीचं भागशाळा मैदान किंवा कल्याणचं सुभाष मैदान, दोन्हीकडे क्रिकेटच्या मॅचेसमधून पाय ठेवायला जागा मिळाली तर नशीब. येऊरला नेऊ म्हणाल, तर तो जंगलाचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. तिथल्या बिबट्यांच्या आहारात कुत्रे असतात, तेव्हा ती आयडिया विसरा. मोकळ्या प्लॉटवर भटके कुत्रे पळतं खेळणं बघून धावत येतात आणि शिकारीवरून मारामारी जुंपते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका, तेव्हा ती लस चुकवू नका. पार्किंगच्या गुळगुळीत लाद्या आणि घरातल्या टाइल्स घसरण्यासाठीच बनल्यात. गच्चीवर पाठलागाच्या भरात कठड्यावरून उडी जाऊ शकते.

उरतो सोसायटीचा मातीचा किंवा हिरवळीचा तुकडा. काठी आणि दोरी मिळून जेवढी लांबी, त्याहून थोडं जास्त अंतर चारही बाजूंना मोकळं असलं की झालं. त्यासाठीच्या भांडणात कामी येणारा एक कागद आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं त्यात आहेच. बागेत प्राण्यांना मनाई करण्यापेक्षा इतरांना त्रास होणार नाही अशा वेळा ठरवा, असंही सुचवलंय. आम्ही तो कागद घेऊन कमिटीसमोर गेलो, पण भांडायला नाही. सकाळी सव्वासहा ते पावणेसात मागून घेतले. अट एकच, शी उचलायची आणि पोरं खेळायला आली की काठी बंद. मान्य!

चार महिने झाले. गुंड्या संत झालेला नाही. कुरिअरवाल्यावर अजून भुंकतो. पण काकूंची लिफ्टमधली तक्रार आठवड्यातून एकदावर आली आहे. परवा जिन्यात मांजर आडवी गेली, मी ''थांब'' म्हटलं आणि अठरा किलोचं धूड जागच्या जागी थरथरत उभं राहिलं. तो थरकाप बघितला आणि कळलं, पाठलागाची ओढ तशीच आहे, आता तिला ब्रेक आहे. तेवढ्यावर मुरबाडची फेरी वाचते.

तेव्हा अलार्म वीस मिनिटं आधी लावा. लोकल तशीही पकडायचीच आहे!