दस्तरखानावर आग्रह नको

२०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. यातल्या ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात. त्यामुळे सुरुवातीला गाळलेल्या यखनीसारखे पातळ, मग मऊ आणि काही आठवड्यांनी साधे जेवण द्यावे. आधी अंडे, मासे, डाळ, भात-रोटी नंतर. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने. बी-१२ सारख्या गोळ्या चुकवू नयेत.

पाहुणचारात ‘आणखी एक घास’ म्हणणे हे आपले प्रेम. पण अशा रुग्णाला त्याने उलटी होते. रोजे डॉक्टरांना विचारूनच ठेवावेत. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे. दिंडोशीतल्या लहान घरात दोन चुली जमत नाहीत. मग सर्वांनीच तेल-साखर कमी केली तर रुग्ण एकटा पडणार नाही.